जुनं वाचनालय पाडायला निघालेत, आणि पुढे माझेच काका आहेत

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देत आहोत. गावात १८९०च्या दशकात लोकवर्गणीतून बांधलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. दगडी जोतं, चुन्यातल्या भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. नगरपरिषदेने नुकतीच ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस दिली. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने इमारत पाडून जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं आहे. नव्या संकुलात खाली दुकानं आणि तिसऱ्या मजल्यावर वाचनालय असेल. मंडळाचे कार्याध्यक्ष पत्रलेखिकेचे सख्खे काका आहेत. तिने मैत्रिणींबरोबर ‘वाचनालय वाचवा’ असा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, हजारभर सह्या गोळा केल्या. पण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी अभ्यासिकेतली मुलं उलट तिच्यावरच चिडली आहेत, कारण त्यांना नवी इमारत हवी आहे. घरात बोलाचाली बंद व्हायची वेळ आली आहे. ‘कोर्टात जाऊ का? काकांच्या विरोधात उभी राहू का? की माझंच चुकतंय?’ असं ती विचारते. विशेष सर्वसाधारण सभा महिन्याभरावर आहे.

ताई,

आधी नोटिशीचं बोलू. पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींना थोडा तरी वेळ आहे, नोटिशीला मुदत असते.

‘धोकादायक’ हा शब्द ऐकला की गावात निकाल लागल्यासारखं वातावरण होतं. प्रत्यक्षात आपल्या राज्यात धोकादायक इमारतींची वर्गवारी करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमची इमारत यातल्या कुठल्या वर्गात टाकली आहे हे पत्रात कुठेच नाही. बहुधा तुम्हालाही कुणी सांगितलेलं नाही. नोटिशीची प्रत मिळवा आणि वर्ग कोणता, तो कुणाच्या अहवालावरून ठरवला, अहवालासाठी कोणत्या चाचण्या झाल्या, हे नगरपरिषदेला लेखी विचारा. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांत होतो. विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवा, महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि तुमची सभा महिन्याभरात आहे. त्यामुळे त्याची वाट बघत बसू नका. तुम्ही वाचनालयाच्या सभासद आहात. सभेत ज्याच्या आधारावर निर्णय घ्यायचा तो अहवाल सभेआधी पाहायला मिळावा, असा साधा अर्ज आजच चिटणीसांकडे द्या आणि पोच घ्या.

अहवाल हातात आला की चाचण्यांचं पान आधी उघडा. तिथे ‘रिबाउंड हॅमर’ आणि ‘अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी’ एवढीच नावं दिसली, तर थांबून प्रश्न विचारा. या चाचण्या मुख्यतः सिमेंट काँक्रीटसाठी आहेत. तुमच्या वाचनालयात काँक्रीट जवळपास नाहीच. दगड, चुना आणि लाकूड यांची ताकद वेगळ्या पद्धतीने तपासतात. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक उघडं करून बघतात, टोचून बघतात, ठोकून आवाज ऐकतात. भिंत ओळंब्यातून किती गेली ते मोजतात. जुन्या इमारतीत तुळई बहुतेक वेळा भिंतीतल्या टोकाला कुजते, कारण ओल तिथे साचते. मधला भाग धडधाकट असतो. कुजलेला तुकडा कापून नवं लाकूड सांधता येतं. हे काम ज्याने हाताळलेलं नाही अशा अभियंत्याला तीच तुळई ‘आयुष्य संपलेली’ वाटू शकते, आणि त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. त्याचं शिक्षण काँक्रीटचं आहे.

तुम्ही लिहिलंय की पूर्वेची भिंत पावसाळ्यात घामेजते, गिलाव्याचे पोपडे पडतात आणि वरच्या कोपऱ्यात पिंपळ उगवला आहे. एकदा त्या भिंतीखाली उभं राहून वर बघा. पन्हळ फुटलेली किंवा पानांनी तुंबलेली दिसण्याची शक्यता फार मोठी आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पागोळ्यांसारखं खाली न पडता भिंतीत शिरलेलं असतं. मग केव्हातरी ओल दिसते म्हणून कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारतं. चुन्यातली भिंत आतलं पाणी हळूहळू बाहेर टाकत असते, सिमेंटने ती वाट बंद होते, आणि ओल आणखी वर चढते. पिंपळ वरवर छाटला की मुळं आत जाडावतात. मग दहा वर्षांनी कुणीतरी म्हणतं, इमारत म्हातारी झाली. पन्हळ, चार ओळी कौलं आणि एक रोप, एवढ्यावरून पुढचं सगळं झालेलं असतं. तुमच्या भिंतीचं नेमकं काय आहे ते जाणकारच सांगेल. पण हा प्रश्न सभेत कुणी विचारल्याशिवाय राहू नये.

दुसरं मत घेणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं नव्हे, हे घरी आणि सभेत दोन्हीकडे सांगा. मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन आहे, पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. १८६०च्या दशकात ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलेलं. ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातला पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी तिथेच झाला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती इमारत पाडावी अशी शिफारस केली. संवर्धनाच्या क्षेत्रातल्या जाणकारांचं म्हणणं होतं की दुरुस्ती शक्य आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि त्या शिफारशीवरून इमारत पाडली गेली नाही. एवढ्या मोठ्या संस्थेच्या अहवालावरही दुसरं मत मागता येतं, तर तालुक्याच्या गावातल्या चार पानी अहवालावर मागायला कुणी संकोच करू नये. संवर्धनाचं काम करणारा वास्तुविशारद जवळच्या मोठ्या शहरात शोधा. जिथे वास्तुकला महाविद्यालय आहे तिथे चौकशी केली की नाव मिळतं. इंटॅक या वारसा जपणाऱ्या देशव्यापी संस्थेची शाखा तुमच्या जिल्ह्यात असेल तर तिच्याकडेही विचारा.

एक गोष्ट मात्र आजच करा, आणि ती तुमच्या गटाने करा. जो भाग खरोखर कमकुवत दिसतो, तो बंद करायची मागणी तुम्हीच लेखी द्या. तुळईखाली धिरे द्या, पूर्वेच्या भिंतीलगतची बाकं हलवा, पावसाळ्यात तो कोपरा दोरी बांधून बंद ठेवा. ‘तुमच्या भावनेपायी उद्या छप्पर पोरांच्या डोक्यावर पडलं तर?’ असं कुणीतरी म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय, आणि तुम्हाला ते लागलं आहे. तो प्रश्न रास्त आहे. इमारत वाचवू म्हणणाऱ्यांनी सुरक्षिततेचा विषय दुसऱ्या बाजूला देऊन टाकला की पुढे त्यांचं कुणी ऐकत नाही.

आता मालकीकडे येऊ. जागा नगरपरिषदेची की वाचनालयाची हे नक्की ठाऊक नाही, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्या मते सगळ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा आणि सत्ताप्रकार (म्हणजे जागा कुठल्या हक्काने धरली आहे ते) व जुने फेरफार नीट वाचा. त्या काळात वाचनालयांना सरकारने किंवा संस्थानाने जागा काही अटींवर दिलेल्या असत. तशी अट निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांना बाजूला ठेवून दुकानं बांधता येणार नाहीत. मग धर्मादाय कार्यालयातून न्यासाचा, म्हणजे वाचनालयाच्या ट्रस्टचा, परिशिष्ट एकचा उतारा काढा. त्यात इमारत न्यासाची मिळकत म्हणून नोंदलेली आहे का, ते बघा. असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याचं कलम ३६ लागू होतं. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, बदलून द्यायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिल्डरबरोबरचा करार बहुतेक वेळा याच कचाट्यात येतो. म्हणजे कार्यकारी मंडळाने ठराव केला म्हणून उद्या सकाळी जेसीबी येईल असं नाही. त्या परवानगीच्या वेळी सभासद म्हणून तुम्हाला म्हणणं मांडता येतं. उलट जागा नगरपरिषदेची निघाली आणि ठराव तिने केलेला असला, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती मागायला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. कोर्टाच्या पायरीआधी इतक्या पायऱ्या आहेत.

‘सव्वाशे वर्षं झाली म्हणजे हेरिटेज आहेच ना?’ असं तुम्ही विचारलंय. नाही. वय झालं म्हणून संरक्षण आपोआप मिळत नाही. केंद्राच्या १९५८च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, पण वास्तू अधिसूचित करावी लागते. त्या कायद्याखाली मुख्यतः राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं येतात, तालुक्याचं वाचनालय त्यात बसणं कठीण. तुमच्या उपयोगाची आहे ती स्थानिक वारसा यादी. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, देशातल्या कुठल्याही शहरातली ती पहिली, आणि सरकारी स्मारक नसलेल्या इमारतींनाही श्रेणी देऊन जपण्याची वाट त्यातून खुली झाली. आता राज्यभरच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही, जी डिसेंबर २०२० पासून लागू झाली, वारसा वास्तूंची तरतूद आहे. तुमच्या नगरपरिषदेने अशी यादी केली आहे का, हे मुख्याधिकाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला विचारा. केली नसेल तर करावी असा अर्ज द्या. फक्त वाचनालयाचं नाव देऊ नका. जुनी कचेरी, शाळेची पहिली इमारत, घाट, एखादा वाडा, दर्गा, चर्च असेल तर तेही त्यात घाला. एकट्या इमारतीसाठी मागितलेली यादी ही आडकाठी वाटते. गावाच्या वारशाची म्हणून मागितलेल्या यादीच्या मागे जास्त माणसं उभी राहतात. विकास आराखड्याची सुधारणा चालू असेल, तर प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा हे लेखी टाका. यादीत नाव येणं हे महिन्याभरातलं काम नाही, सभेच्या दिवशी त्याचा आधार मिळणार नाही, हे मात्र मनाशी धरून चला.

एक छोटा इशारा. तुमच्या पत्रकात ‘याच वाचनालयात लोकमान्य टिळकांचं भाषण झालं’ असं छापलं आहे. ते खरं असेल तर फार मोलाचं आहे. पण महाराष्ट्रात अशी आठवण सांगणारी गावं पुष्कळ आहेत. छापण्याआधी पुरावा शोधा. जुने वार्षिक अहवाल, इतिवृत्तं, पाहुण्यांची अभिप्राय वही, त्या काळातल्या केसरीचे अंक यांत काही सापडतं का बघा. एक चुकीचं विधान हाती लागलं की समोरचे तुमची उरलेली दहा बरोबर विधानंही बाजूला सारतील. खरं सांगायचं तर तुम्हाला टिळकांची गरजही नाही. तुम्हीच लिहिलंय की प्रवेशद्वाराजवळ वर्गणीदारांची नावं कोरलेली शिळा आहे, आणि त्यात सावकारांबरोबर तेली, साळी, अत्तार अशी आडनावं आहेत. ज्या काळात साक्षर माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या काळात या घरांनी पुस्तकांसाठी पैसे दिले! त्या शिळेचा स्वच्छ फोटो काढा, एकेक नाव वाचून लिहून काढा आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आज कुठे आहेत ते शोधा. काही पुण्या-मुंबईत असतील, काही परदेशात. त्यांचं एकेक सहीचं पत्र सभेत वाचलं गेलं, तर ते हजार अनोळखी सह्यांपेक्षा जड होईल. दुरुस्तीचे पहिले पैसेही बहुधा तिथूनच येतील.

आता अभ्यासिकेतल्या मुलांकडे येते. तुमच्या पत्रातली त्यांच्याबद्दलची वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘त्यांना इतिहासाचं काही पडलेलं नाही’, ‘त्यांना एसी पाहिजे’. ताई, इथे मला तुम्हाला थोडं अडवावंसं वाटतं. सकाळी सहाला येऊन रात्री दहापर्यंत त्याच इमारतीत बसणारी तीच माणसं आहेत. गळणारं छप्पर, उन्हाळ्यात तापणारी कौलं, मुलींसाठी नीट स्वच्छतागृह नाही, पंखा एका ओळीला एक, हे सगळं ती रोज सोसतात. घरात दोन खोल्यांत पाच माणसं असलेल्या मुलीसाठी ती बाकावरची जागा म्हणजे तिच्या पुढच्या आयुष्याची शक्यता आहे. सह्या करणारे बरेच जण मात्र त्या इमारतीत वर्षातून एकदा दिवाळी अंक घ्यायलाही जात नसतील. तेव्हा ‘गाव आमच्या बाजूने आहे’ हे तुमचं गृहीत मला पूर्ण पटत नाही. जे रोज वापरतात ते तुमच्या बाजूने नाहीत, आणि त्यांना तुमच्याकडून अजून काहीच देऊ केलेलं नाही. समोरच्या बाजूने निदान एक चित्र दिलंय, तुमच्याकडे फक्त ‘पाडू नका’ आहे.

तुमच्याच पत्रात मला एक तिसरी वाट दिसते. वाचनालयाच्या मागे मोठं परसू आहे, सध्या तिथे स्कूटर लावतात आणि मोडकी कपाटं पडली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तिथे दोन मजली, साधी, हवेशीर अभ्यासिका होऊ शकते का? स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळी खोली, चांगले दिवे, रात्री उशिरापर्यंत उघडी. आणि पुढची जुनी इमारत दुरुस्त करून तिथे पुस्तकांचा संग्रह, वर्तमानपत्रांचं दालन आणि मुलांचा विभाग. किती बांधकाम करता येईल, किती अंतर सोडावं लागेल, हे वास्तुविशारदच सांगेल. पण असा एक कच्चा नकाशा सभेत ठेवला गेला, तर चर्चा ‘जुनं की नवं’ यावरून ‘कुठे काय बसतं’ यावर येईल. त्याआधी एका संध्याकाळी अभ्यासिकेत जा. पत्रकं नेऊ नका. वही घेऊन बसा आणि त्यांना विचारा, तुम्हाला काय काय हवंय. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, आणि आर्किटेक्टला पहिली यादी तीच द्या.

त्याच बैठकीत बिल्डरच्या प्रस्तावाचे प्रश्नही त्यांच्यासमोर ठेवा, आरोप म्हणून नव्हे. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर ती कोण दुरुस्त करणार? वाचनालयाला चटई क्षेत्र किती, हे करारात आकड्यांत आहे का? बांधकाम चालू असताना दोन-तीन वर्षं अभ्यासिका कुठे भरणार, आणि त्या जागेचं भाडं कोण देणार? काम अर्धवट राहिलं तर बँक हमी आहे का? तोवर हजारो पुस्तकं कुठल्या गोदामात, कुणाच्या देखरेखीखाली? खालच्या दुकानांचं उत्पन्न वाचनालयाला की आणखी कुणाला? यातल्या एकाही प्रश्नाला ‘हेरिटेज’ शब्दाची गरज नाही. पुढच्या वर्षी परीक्षा देणाऱ्या मुलाला ‘दोन वर्षं कुठे बसू?’ हाच प्रश्न सगळ्यात आधी पडेल. आणि समजा या सगळ्याची चोख, लेखी उत्तरं मिळाली, तर तीही मोकळ्या मनाने ऐका.

पैशांचं काय? बिल्डरचा प्रस्ताव संस्थेला फुकट दिसतो, तुमच्याला खर्च आहे. हे झाकू नका. दुरुस्तीचा अंदाज टप्प्यांत मांडा. पहिला टप्पा छप्पर, पन्हळ आणि पाण्याचा निचरा, मृग लागायच्या आत. विजेचं जुनं वायरिंगही त्याच टप्प्यात घ्या. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहूंनी उभारलेलं, ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्रीत आगीत गेलं. लाकूड असलेल्या जुन्या इमारतीत आगीचा विचार पुढच्या वर्षावर टाकता येत नाही. दुसरा टप्पा भिंती आणि लाकूड, तिसरा आतलं काम. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचं पुनरुज्जीवन करण्याला जागा आहे. तालुक्यात साखर कारखाना, सूतगिरणी, एमआयडीसीतले उद्योग असतील तर ते दार ठोठावता येतं. त्यासाठी संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळण्यासाठीची) आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा हा निधी घेण्यासाठीची) नोंदणी लागेल. ही कागदपत्रं तयार आहेत का, हे चिटणीसांना आताच विचारा, कारण नेमकी इथेच बऱ्याच संस्थांची गाडी अडते. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, पार विस्कळीत झालं होतं. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, तेव्हा ते पुन्हा उभं राहिलं, आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान त्याला मिळाला. तुमचं काम त्याच्या शतांश असेल. पण मालक, जाणकार आणि पैसे देणारा एका टेबलाशी आणण्याची ती पद्धत तालुक्यातही चालते.

इमारतीत नेमकं काय जपायचं, यावर तुमच्या गटातही एकमत नाही असं दिसतं. कुणाला भिंती हव्यात, कुणाला आठवण. पुण्यात बुधवार पेठेतला भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली, तो वर्षानुवर्षं मालकी आणि भाडेकरूंच्या वादात पडझड होत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये, न्यायालयीन लढाई संपल्यावर, महापालिकेने तो पाडला, स्मारक उभारण्यासाठी. जागा समाजाच्या हाती आली हे खरंच, पण जिथे त्या मुली बसल्या त्या भिंती आता नाहीत. मला स्वतःला या गोष्टीची हळहळ वाटते. वीस-पंचवीस वर्षं आधी छप्पर शाकारलं गेलं असतं तर कदाचित ही निवड करायची वेळच आली नसती. तुमच्या गटाने बसून ठरवावं: सगळी इमारत, की पुढचं दालन, ओसरी, शिळा आणि कौलारू छप्पर? कुठे मागे सरकता येईल आणि कुठे नाही, हे सभेत उभं राहण्याआधी आपसात ठरलेलं असावं.

आणि कोर्ट? ते शेवटी, आणि तयारीनिशी. पाटण्याची जुनी कलेक्टोरेट, गंगेच्या काठावरची, काही भाग डच काळातला. २०१६ पासून तिथल्या नागरिकांनी मोहीम चालवली, इंटॅक न्यायालयात गेलं, सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगितीही मिळाली. मे २०२२ मध्ये ती उठली आणि पाठोपाठ पाडकाम सुरू झालं. त्या लोकांनी कमी कष्ट केले असं नाही. पण स्थगिती ही मुदत असते. त्या मुदतीत इमारतीला मालक, काम आणि पैसा मिळाला नाही तर ती कुलपाआड आणखी कुजते. कराराच्या आड कायदा मोडला जातोय असा कागद हाती असेल, किंवा सुनावणी चालू असताना कुणी रात्रीत कौलं उतरवायला लागलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. वकील आत्ताच बघून ठेवा, धर्मादाय कार्यालयात काम करणारा. फी विचारून घ्या, कागदपत्रांची फाइल त्याच्याकडे द्या. मग गरज पडली तर धावपळ होणार नाही.

राहिले काका. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल राग आहे. पण बावीस वर्षं त्यांनी ती संस्था चालवली, अनुदान वेळेवर येत नसताना ग्रंथपालाचा पगार कधी स्वतःच्या खिशातून दिला, हेही तुम्हीच लिहिलंय. उद्या खरंच काही पडलं तर पोलीस पहिल्यांदा कार्याध्यक्षाच्या दारात येतील. ती धास्ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नसेल. गेल्या कित्येक वर्षांत ‘आम्ही पैसे देतो, आम्ही माणसं देतो’ असं म्हणत त्यांच्याकडे कोण आलं? एक बिल्डर आला. त्यांच्यासमोर पर्यायच एक होता. तुम्ही त्यांच्या घरी जा, काकूंच्या समोर बसा, आणि आधी त्यांना बोलू द्या. ग्रुपवर त्यांचं नाव घेऊन, फोटो टाकून जे मेसेज फिरतायत ते काढायला लावा. संशय असेल तर तो अर्जात, पुराव्यासह लिहायचा असतो, ग्रुपवर नव्हे. आणि तुमच्याकडचा सगळा कागद, दुसऱ्या अहवालाची मागणी, परसातला नकाशा, सभेआधी निदान आठ दिवस त्यांच्या हातात द्या. सभेत त्यांना पहिल्यांदा कळावं असं काहीही ठेवू नका. ते तरीही ऐकणार नाहीत, असं होऊ शकतं. तेव्हा त्यांच्या विरोधात मतदान करा, पाया पडून करा, पण करा. पुतणी असणं आणि सभासद असणं ही दोन्ही तुमचीच कामं आहेत.

सभेत तुम्ही स्वतः फार बोलू नका, घरचं भांडण असल्यासारखं दिसेल. ठराव लिहूनच न्या, छोटा: बिल्डरबरोबरचा करार सहा महिने पुढे ढकलावा, संवर्धनाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून दुसरी तपासणी करून घ्यावी, तोवर धोक्याचा भाग बंद ठेवून धिरे द्यावेत आणि छप्पर-पन्हळीची तातडीची दुरुस्ती करावी, मागच्या परसात अभ्यासिकेचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज मागवावा, यासाठी समिती नेमावी, तिचं अध्यक्षपद कार्याध्यक्षांनी स्वीकारावं, आणि तिच्यात अभ्यासिकेचे दोन प्रतिनिधी असावेत, त्यातली एक मुलगी. संस्थेच्या घटनेत सभासदाचा ठराव किती दिवस आधी द्यावा लागतो ते आजच बघा, त्या मुदतीत द्या आणि पोच घ्या. सूचक म्हणून अभ्यासिकेतलाच कुणी सभासद मिळतो का पाहा. अनुमोदनाला शिळेवर आजोबांचं नाव असलेलं एखादं ज्येष्ठ माणूस उभं राहिलं तर उत्तम.